हवालदाराला वृद्धाश्रमात पाठवू का?

पत्राचा गोषवारा : पत्रलेखक एका तालुक्याच्या गावी पोलीस ठाण्याचे प्रभारी निरीक्षक आहेत. (ओळख पटेल असे तपशील काढले आहेत.) त्यांच्या ठाण्यातला एक शिपाई हजेरीला वारंवार उशिरा येतो, कधी टोपी नसते, कधी दाढी वाढलेली. एका हवालदाराने बांधाच्या भांडणाची तक्रार घेऊन आलेल्या आजींना "ए म्हातारे, उद्या ये" म्हणत सलग तीन दिवस परत पाठवलं. तिसऱ्या एका अंमलदाराने नाकाबंदीत कॉलेजच्या मुलाच्या कानाखाली वाजवली. मुलाच्या वडिलांनी "जाऊ द्या साहेब" म्हटलं आणि ते तिथेच मिटलं. कसुरी अहवाल (कर्मचाऱ्याच्या चुकीबद्दल वरिष्ठांना द्यायचा अहवाल) पाठवला की नोटीस, खुलासा, ठपका, वेतनवाढ रोखणं हे चक्र सुरू होतं, माणूस कडवट होतो आणि वागणं मात्र तेच राहतं, असा पत्रलेखकांचा अनुभव. म्हणून त्यांनी योजना आखली आहे. ठाण्यात एक वही ठेवायची, प्रत्येक किरकोळ चुकीला मायनस पॉइंट द्यायचे आणि दहा पॉइंट झाले की चार रविवार वृद्धाश्रमात किंवा सरकारी दवाखान्यात समाजसेवा. सेवापुस्तकात नोंद नाही. "कागद खराब न करता माणूस सुधारला तर बिघडलं कुठे?" असं ते विचारतात. ठाण्यातले एक जुने फौजदार मात्र म्हणाले, "साहेब, याने धाक राहणार नाही."

नमस्कार.

तुमच्या फौजदारांची भीती मला पटत नाही. अशी वही चुकीच्या हातात गेली तर धाक जरा जास्तच होईल, त्याकडे मी येतेच. पण आधी त्या तीन माणसांबद्दल बोलू, कारण तुम्ही त्यांना एकाच वहीत बसवलं आहे आणि माझ्या मते योजनेतली मोठी चूक तिथेच आहे.

टोपी नसणं, उशीर होणं हा खात्याच्या घरातला मामला आहे. हजेरी घेणाऱ्याला त्रास झाला, रात्रपाळीच्या सहकाऱ्याला अर्धा तास जास्त थांबावं लागलं. आजींची गोष्ट वेगळी. तिथे खात्याबाहेरची एक बाई आहे, तिचं काम अडलं आहे, एसटीचं भाडं खर्चून तिने तीन हेलपाटे घातले आहेत आणि चारचौघांत अपमान झाला तो वेगळाच. तक्रार दखलपात्र असेल तर गुन्हा नोंदवावाच लागतो. ललिता कुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच ते स्पष्ट केलं आहे आणि न नोंदवणाऱ्या अधिकाऱ्यावर कारवाई करा असंही सांगितलं आहे. अदखलपात्र असेल तरी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ प्रमाणे वहीत नोंद घ्यायची आणि तक्रारदाराला दंडाधिकाऱ्यांकडे जायला सांगायचं. "उद्या ये" हा पर्याय कायद्यात कुठेच नाही. हवालदाराच्या उद्धट तोंडाला तुम्ही पॉइंट देणार होतात. त्याने न केलेल्या कामाचं काय?

आणि कानाखाली वाजवणं तर शिस्तभंगाच्या यादीत बसतच नाही. ती मारहाण आहे. हात उगारणाऱ्याच्या अंगावर गणवेश होता म्हणून ती कमी गंभीर होत नाही, उलट जास्त होते. वडील "जाऊ द्या" म्हणाले हे तुम्ही मिटल्याची खूण म्हणून लिहिलं आहे. मला प्रश्न पडला, त्यांनी दुसरं म्हणायचं तरी काय? त्यांना त्याच हद्दीत राहायचं आहे, मुलाला उद्या नोकरीसाठी चारित्र्य पडताळणी तुमच्याच ठाण्यातून करून घ्यायची आहे. अशा माणसाच्या तोंडून निघालेल्या "जाऊ द्या"वर अधिकाऱ्याने विसंबू नये.

आता तुमच्या हातात काय आहे ते बघू. सेवाविषयक प्रकरणं चालवणारी वकील म्हणून मला हे आधी सांगायला हवं. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम २५ मध्ये शिक्षा मोजून दिल्या आहेत. लहान शिक्षांमध्ये ताकीद, सेवापुस्तकात नोंद होणारा ठपका, जादा कवायत, एका महिन्याच्या पगारापर्यंत दंड आणि वेतनवाढ रोखणं. यातली जादा कवायत शिपायाच्या वरच्या हुद्द्याला देता येत नाही, म्हणजे मैदानात घाम गाळायचा तो सर्वांत खालच्या माणसाने. ही जुनी खोड आहे. १८६१ च्या पोलीस कायद्यात तर पंधरा दिवसांपर्यंत पोलीस लाइनीत कोंडून ठेवणं, वर शिक्षा म्हणून कवायत, जादा पहारा आणि अंगमेहनतीची कामं, असं सगळं लिहिलेलं होतं. हलक्या चुकीला अंगमेहनत, ही कल्पना तुम्हाला वाटते तेवढी नवी नाही.

पण आजच्या यादीत समाजसेवा नाही. शिवाय जिल्ह्यात शिपाई-हवालदारांच्या शिक्षेचा आदेश अधीक्षक काढतात. प्रभारी निरीक्षकाने अहवाल पाठवायचा असतो. तुम्ही चांगल्या हेतूने सांगितलंत, हवालदार चार रविवार गेला, आणि पाचव्या आठवड्यात त्याने मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) अर्ज केला की मला कायद्यात नसलेली शिक्षा दिली, तर तुमच्याकडे दाखवायला काय असेल? एक वही, तीही खासगी. आणि त्याने अर्ज केला नाही तरी तो सुरक्षित नाही. नोंदच नसल्यामुळे त्याच चुकीबद्दल तुमच्या जागी येणारा अधिकारी पुन्हा कसुरी अहवाल पाठवू शकतो. "मी त्याची शिक्षा भोगली आहे" हे तो कशावरून सिद्ध करणार? कागद खराब होऊ नये म्हणून कागदच ठेवायचा नाही, याने माणूस वाचतो असं वाटतं, पण अपिलाचा दरवाजाही त्याच्यासाठी बंद होतो. आजींनाही कधीच कळत नाही की त्यांच्या बाबतीत काय झालं.

समाजसेवा ही शिक्षा म्हणून आपल्याकडे आली ती १ जुलै २०२४ पासून, भारतीय न्याय संहितेबरोबर. सहा प्रकारच्या गुन्ह्यांना ती देता येते. दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी धिंगाणा, पाच हजारांच्या आतली पहिली चोरी आणि चोरलेला माल परत करणं, अब्रुनुकसानी वगैरे. त्यात एक सरकारी नोकराशी थेट संबंध असलेलाही आहे : मनाई असताना लोकसेवकाने धंदा करणं. म्हणजे एखादा पोलीस कर्मचारी न्यायालयाच्या आदेशाने समाजसेवा करताना दिसणं अशक्य नाही. पण ती देणार न्यायालय, दोष सिद्ध झाल्यावर, विनामोबदला. ठाण्याच्या केबिनमध्ये बसून द्यायची ती गोष्ट नव्हे.

कायदा बाजूला ठेवू. समजा अधीक्षकांनी परवानगी दिली. तरीही मला तुमचा वृद्धाश्रम खटकतो.

तिथल्या आजोबांचा विचार केलात का? रविवारी सकाळी एक चेहरा पाडलेला हवालदार त्यांच्यासमोर उभा राहणार, ज्याला तिथे यायचंच नव्हतं. ते आजोबा म्हणजे त्याची शिक्षा. मुलाने खोडी काढली म्हणून त्याला आजीचे पाय चेपायला बसवलं तर तो खोडी सोडतो की नाही ठाऊक नाही, आजीचे पाय मात्र त्याला नकोसे होतात. आणि तुमच्या बाबतीत तर आणखी गंमत आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखालच्या नियमांनुसार हद्दीतल्या ज्येष्ठांची यादी ठेवणं, एकट्या राहणाऱ्यांकडे फेरी मारणं हे पोलीस ठाण्याचं नेहमीचं काम आहे. जे काम पगारात मोडतं तेच तुम्ही शिक्षा म्हणून वाटणार. मग ज्याला शिक्षा नाही तो म्हातारा-म्हातारीकडे कशाला जाईल?

वेळेचाही प्रश्न आहे. ड्युटीच्या वेळात पाठवलंत तर ठाण्यात एक माणूस कमी, आणि बाकीच्यांच्या दृष्टीने त्याची मजा. सुट्टीच्या रविवारी पाठवलंत तर सणासुदीचा बंदोबस्त करून मुश्किलीने मिळालेली साप्ताहिक सुट्टी गेली. मग सोमवारी ठाण्यात येणाऱ्या माणसाला तो कसा बोलेल, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगाल.

आणि बाहेरून हे कसं दिसतं? मे २०२४ मधलं पुण्यातलं कल्याणीनगरचं प्रकरण आठवा. भरधाव गाडीखाली दोन तरुण अभियंते गेले आणि बाल न्याय मंडळाने अल्पवयीन चालकाला जामीन देताना ३०० शब्दांचा निबंध आणि वाहतूक पोलिसांसोबत पंधरा दिवस काम अशा अटी घातल्या. लोक का भडकले? काम करून सुधारणं ही कल्पनाच त्यांना नामंजूर होती असं मला वाटत नाही. गेलेल्या जिवांचं वजन आणि त्या अटींचं वजन यांचा काही मेळच नव्हता, आणि मोठ्या घरच्या मुलाला वेगळा तराजू लावला गेला असं दिसलं. त्याच प्रकरणात येरवडा ठाण्याच्या दोन अधिकाऱ्यांना निलंबित केलं गेलं, घटना वरिष्ठांना आणि नियंत्रण कक्षाला वेळेवर न कळवल्याबद्दल. पोलिसांनी पोलिसांना सौम्य शिक्षा दिली की लोक याच नजरेने बघणार. कानाखाली मारणारा अंमलदार दवाखान्यात फळं वाटताना दिसला आणि त्याचा फोटो गावच्या ग्रुपवर फिरला, तर त्या मुलाला काय वाटेल? फोटो निघणारच. हल्ली फोटोशिवाय समाजसेवा होत नाही.

पॉइंटांच्या वहीबद्दल माझं मत इतकं कडक नाही. चुका लगेच, लहान असतानाच नोंदवल्या जाव्यात, एकदम मोठा दणका नको, हा विचार बरोबर आहे. पण पॉइंट देणाऱ्या पद्धती जगात जिथे चालतात तिथे दोन गोष्टी असतात : आकडे आधी जाहीर असतात आणि पॉइंट काही काळाने पुसले जातात. ब्रिटनमध्ये वाहनचालकाचे तीन वर्षांत १२ पॉइंट झाले तर परवाना जाऊ शकतो; पण तीन वर्षं नीट चालवलं तर जुना हिशेब त्यात धरत नाहीत. तुमच्या वहीत पुसण्याची सोय मला दिसली नाही. शिपायाच्या नावापुढे सगळं साचतच राहणार.

शिवाय वही लिहिणार कोण? तुम्ही? दिवसभर कोर्ट, बंदोबस्त, मीटिंग सांभाळून? प्रत्यक्षात ती ठाणे अंमलदाराच्या नाहीतर तुमच्या रायटरच्या, म्हणजे लिखापढी बघणाऱ्या अंमलदाराच्या, हातात जाईल. मग कोणाच्या उशिराकडे डोळेझाक आणि कोणाचा पाच मिनिटांचा उशीर टिपला, यावरून ठाण्यात तट पडतील. ज्याला रविवार हवा तो रायटरला सांभाळून राहील. आणि तुमची बदली झाली की? ठाण्यातला साधारण कालावधी दोन वर्षांचा. तुमच्यानंतर येणारे साहेब ही वही रजा नाकारायला, नको असलेल्या माणसाला मुख्यालयात जमा करायला वापरतील. तुम्ही भले तसं करणार नाही. पद्धत आखताना मात्र आपल्या जागी नावडता माणूस बसला आहे असं धरून आखावी.

आणखी एक विचारते, राग मानू नका. वहीत अधिकाऱ्यांची पानं आहेत का? फौजदार, सहायक निरीक्षक, तुम्ही स्वतः? सकाळी दहाची वेळ देऊन लोकांना साडेबारापर्यंत बाकावर बसवलंत तर किती पॉइंट?

मग करायचं काय?

मुलाच्या प्रकरणात तुम्ही निर्णय घेऊच नका. स्टेशन डायरीत नोंद करा, उपविभागीय अधिकाऱ्यांना लेखी अहवाल पाठवा, आणि मुलाला व वडिलांना सांगा की तक्रार द्यायची की नाही हा त्यांचा निर्णय आहे, दिली तर तुमच्या ठाण्याकडून त्रास होणार नाही. शक्यतो हे तुम्ही स्वतः सांगा, त्या अंमलदाराच्या गैरहजेरीत. त्याची विभागीय चौकशी होईल की ठपक्यावर भागेल ते वरिष्ठ ठरवतील. तुम्ही त्याच्यावर उपकार करायला गेलात तर उद्या प्रकरण उघडल्यावर दडपल्याचा ठपका तुमच्यावर येईल.

आजींच्या बाबतीत क्रम महत्त्वाचा आहे. आधी त्यांचं काम, मग हवालदाराचं. तक्रार कोणी वेगळ्याने लिहून घ्यावी, वाचून दाखवावी, प्रत द्यावी. त्यांना पुन्हा हेलपाटा पडू नये म्हणून माणूस घरी पाठवला तर उत्तम, पण गणवेशातला तांडा दारात नको. गावात त्याचा भलताच अर्थ निघतो. त्या तीन दिवसांचं ठाण्यातलं सीसीटीव्ही चित्रीकरण आजच वेगळं काढून ठेवा. परमवीर सिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये प्रत्येक ठाण्यात कॅमेरे बसवून चित्रीकरण शक्यतो १८ महिने जपायला सांगितलं आहे. ते बघितल्यावर कदाचित असंही कळेल की हवालदार एकटा चार टेबलं सांभाळत होता. ते सबब म्हणून नको, पण खुलाशात यायला हवं. माफी मागायची असेल तर आजींना ती हवी आहे का ते आधी विचारा. हवी असेल तर जिथे बोलला तिथेच, ज्यांनी ऐकलं त्यांच्यासमोर. काही जणींना माफी नको असते, काम हवं असतं.

हवालदाराला शिक्षा काय? पहिलीच वेळ असेल तर अधीक्षकांकडून ताकीद पुरेशी आहे असं माझं मत. याआधीही लोकांना असंच बोलला असेल तर कसुरी अहवाल पाठवा आणि त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नका. एक वर्ष वेतनवाढ रोखली, तीही पुढील वेतनवाढीवर परिणाम न होता, तर आयुष्य उद्ध्वस्त होत नाही. जोडीला त्याच्याशी एकदा नीट बसून बोला. इंग्लंड-वेल्समध्ये २०२० पासून हलक्या चुकांसाठी अशीच पद्धत आहे : शिक्षा बाजूला ठेवून वरिष्ठ आणि कर्मचारी बसतात, काय घडलं, समोरच्यावर काय परिणाम झाला, पुढे काय वेगळं करायचं हे ठरवतात आणि लिहून ठेवतात. तुमच्या समाजसेवेमागचा हेतू मला यात जास्त सापडतो. त्याला काही काम द्यायचंच असेल तर चुकीला लागून असलेलं द्या. लोकांशी नीट बोलणाऱ्या एखाद्या महिला अंमलदाराशेजारी काही दिवस तक्रार टेबलावर बसवा. हे नेमणुकीच्या अधिकारात बसतं, त्याला शिक्षेचं नाव देऊ नका आणि तसं वाटेल असं वागवूही नका.

शिपायाशी बोलायला तर दहा मिनिटं लागतील. तो किती वाजता सुटतो, घर किती लांब, गेल्या महिन्यात साप्ताहिक सुट्ट्या किती मिळाल्या, हे ड्युटी वाटपाच्या रजिस्टरशी ताडून बघा. मुंबईत देवनार ठाण्यात २०१६ मध्ये आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला, ती कल्पना एका साध्या पोलीस कर्मचाऱ्याने मांडलेली होती. तुमच्या ठाण्यातही उशिरावरचा उपाय कदाचित उशिरा येणाऱ्यालाच माहीत असेल. पाळी नीट लागूनही तो उशिराच येत असेल, तर ताकीद द्यायला हरकत नाही.

वही ठेवायचीच असेल तर पॉइंट काढून टाका. तारीख, काय घडलं, त्याचं म्हणणं काय, दोघांच्या सह्या, त्याला एक प्रत. चांगल्या कामाच्या नोंदीही त्याच वहीत. सहा महिने पुन्हा काही घडलं नाही तर नोंद बंद. ज्यात बाहेरचा नागरिक गुंतला आहे असं काहीही त्या वहीत नको, ते थेट वर जाऊ द्या. आणि ही पद्धत लेखी स्वरूपात अधीक्षकांना पाठवून मंजुरी घ्या, दरबारात, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या बैठकीत, सगळ्यांसमोर वाचून दाखवा. कोणी हरकत घेतली तर ती लिहून घ्या.

एसटी आगारात, शाळेत, सरकारी दवाखान्यात लोकांकडून काम करून घेणाऱ्या वाचकांनीही हे आपल्याकडे लावून बघावं : हाताखालचा माणूस चुकला तेव्हा नुकसान कार्यालयाचं झालं की बाहेरून आलेल्याचं? बाहेरच्याचं असेल तर "आपापसात मिटवू" म्हणायचा अधिकार आपल्याला नसतो.

आणि जे या पत्रातल्या आजींच्या किंवा त्या वडिलांच्या जागी असतील त्यांच्यासाठी. "आम्ही त्याला समज दिली आहे" असं ठाण्यातून सांगितलं तर समज कोणी, कधी दिली, कागदावर आहे का, हे शांतपणे विचारा. माफी स्वीकारली म्हणून तुमचा तक्रारीचा हक्क जात नाही. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, एक प्रत पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयात द्या. 'आपले सरकार' पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. कोठडीतला छळ, गंभीर दुखापत, खंडणी अशा मोठ्या गैरवर्तनासाठी राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे, २००६ च्या प्रकाश सिंग निकालानंतर आलेलं. उर्मट बोलण्यासाठी तिथे जाऊन उपयोग नाही, त्यासाठी अधीक्षकांचं कार्यालयच गाठा.